तंजावरचा तांदूळ आणि ‘रेवडी’ची ओरड

२०२२च्या जुलैमध्ये पंतप्रधान मोदींनी ‘रेवडी संस्कृती’वर कोरडे ओढले आणि भांडवली वृत्तपत्रांनी लगोलग तामिळनाडूच्या फुकट तांदळाकडे बोट दाखवले. सप्टेंबर २०१९मध्ये कंपन्यांचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचे उत्पन्न बुडेल, असा खुद्द सरकारचाच अंदाज होता. तिला मात्र ‘प्रोत्साहन’ म्हणायचे! गरिबाच्या ताटात पडले की तेवढी रेवडी होते.

हा तांदूळ पिकतो कुठे आणि तो पिकवणाऱ्यांनी काय भोगले, हे तंजावरला विचारावे. कावेरीच्या या खोऱ्याला तामिळनाडूचे धान्यकोठार म्हणतात. त्याच कोठाराच्या दारात भात लावणारा, कापणारा, झोडणारा दलित शेतमजूर पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिला. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजणे ही जमीनदारांची नित्याची शिक्षा होती. १९४०च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली लाल बावटा खेड्याखेड्यांत पोचला, तेव्हा कुठे तिला आळा बसला. मजुरीत थोडे भात वाढवून मागणाऱ्या आणि बावटा खाली उतरवायला नकार देणाऱ्या कीळवेण्मणी गावावर २५ डिसेंबर १९६८च्या रात्री जमीनदारांचे गुंड चालून आले. एका झोपडीत आसरा घेतलेली ४४ माणसे जिवंत जाळली गेली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. (गाव तेव्हा तंजावर जिल्ह्यात होते, आज नागपट्टिणम्‌मध्ये आहे.) आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले.

तेव्हा येथे धान्य म्हणजे दानधर्माचा विषय नव्हे. दानधर्म तंजावरने पुष्कळ पाहिला आहे. मराठे राजांची छत्रे रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंना जेवू घालत आणि मराठी माणूस त्यांचा अभिमानाने उल्लेख करतो. पण छत्रात जेवलेला मजूर दुसऱ्या दिवशी त्याच मिरासदाराच्या बांधावर, त्याच मजुरीवर उभा राही. शिधापत्रिकेवरील धान्याची गोष्ट वेगळी. जून २०११पासून तामिळनाडूत तांदूळ-कार्डावर फुकट तांदूळ मिळतो आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही. घरात महिन्याचा तांदूळ आहे, म्हणून मजूर पडेल त्या मजुरीला ‘नाही’ म्हणू शकतो. ‘फुकट तांदळामुळे मजूर मिळेनासे झाले’, ही बड्या बागायतदारांची तक्रार म्हणजे या योजनेला मिळालेले उत्तम प्रशस्तिपत्रच होय.

१ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन सरकारने पौष्टिक आहार योजना सुरू केली, तेव्हाही ‘मतांसाठी उधळपट्टी’ अशी हाकाटी झाली होती. त्या सरकारचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पोषण आहार केंद्रांतील स्त्रियांना नियमित सरकारी कर्मचाऱ्यांचा दर्जा आजही मिळालेला नाही. परंतु शाळेत शिजवलेले अन्न हा मुलाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली देशभर लागू केले. तामिळनाडूत ते एकोणीस वर्षे आधीच ताटात पडत होते.

आता महाराष्ट्राकडे पाहावे. १९९७ साली केंद्राने ‘लक्ष्यित’ वितरणाचा घाट घातला. तामिळनाडूने तो झुगारला. महाराष्ट्राने १९९९मध्ये जनतेला पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या कार्डांत वाटून टाकले. अन्नसुरक्षा कायदा येथे २०१४मध्ये लागू झाला तोही वर्षाला ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपयांच्या उत्पन्नमर्यादेसह. महिन्याला पाच हजार मिळवणाऱ्या कुटुंबाला शहरात सरकार सुखवस्तू समजते! लाभार्थ्यांची संख्याही २०११च्या जनगणनेवर बांधलेली. त्यानंतर वाढलेली तोंडे हिशेबातच नाहीत.

याहून निर्लज्ज प्रकार घडला तो आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा येथील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत असे. २०२३मध्ये ते बंद करून माणशी महिना १५० रुपये खात्यात टाकण्याचे ठरले. बाजारात भाव चढला की रुपया आकसतो, पाच किलो धान्य मात्र पाच किलोच राहते, हे मंत्रालयाला कळत नाही असे नाही. या १४ जिल्ह्यांत धान्य पुन्हा दुकानात आले पाहिजे आणि ४४ व ५९ हजारांची अट रद्द झाली पाहिजे. तहसील कचेऱ्यांवरील मोर्चांनी पहिली मागणी हीच धरावी.