कूलर घेण्याआधी बियाण्याची पोती पाहा



मार्च सरत आला की कोरपन्याच्या बाजारात दुकानांपुढे कूलर मांडले जातात आणि "साहेब, कोणता घेऊ?" असे विचारणारे भेटू लागतात. मी त्यांना उलट विचारतो, "बियाणे कोणत्या खोलीत ठेवले आहे?" लोक हसतात. पण हा प्रश्न मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो.

काही वर्षांपूर्वी माझ्या भावाने पेरणीसाठी राखलेली सोयाबीनची तीन पोती आमच्या पक्क्या घरात ठेवायला दिली. ती ज्या खोलीत होती तिथेच एप्रिल-मे दोन महिने कूलर चालला. जूनच्या पहिल्या आठवड्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात घालून पाहिले, तर ४६ उगवले. निदान ७० उगवले पाहिजेत, हे मीच गावोगाव सांगत आलो. भाऊ काही बोलला नाही. बियाणे मात्र त्याला विकत घ्यावे लागले.

कूलर हे हवा ओली करणारे यंत्रच आहे. साधे १ लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सात-आठ पट उष्णता ते पाणी हवेत उडून जाताना ओढून घेते. म्हणून हवा थंड होते. आपले वाडवडील दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडत, त्यातही हेच होते.

आपल्या भागाला कूलर मानवतो का, हे मोजता येते. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घाला. कोरडा ४४ अंश आणि ओला २४ अंश दाखवत असेल, तर फरक २० अंशांचा. चांगली ताटी त्यातले तीन चतुर्थांश, म्हणजे १५ अंश उतरवते; हवा २९ अंशांवर येते. जुलैत कोरडा ३० आणि ओला २७ असला की कूलर जेमतेम दोन अंश उतरवील आणि अंग चिकट करील. पाऊस लागला की पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

आता निवड. खोलीची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून तिन्ही आकडे गुणा आणि निम्मे करा. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली असेल तर १२०० घनफूट. म्हणजे मिनिटाला निदान ६०० घनफूट हवा देणारा कूलर हवा. दुकानदार हा आकडा 'सीएफएम' म्हणून सांगतो. काही कूलरवर तो तासाला घनमीटर असा लिहिलेला असतो. तेव्हा १००० च्या वरचा पाहा. कूलर खिडकीत बाहेरची हवा घेईल असा बसवा आणि समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत तो घाम वाढवतो.

उगाच मोठाही घेऊ नका. एवढा कूलर भर दुपारी तासाला सहा-सात लिटर पाणी पितो. मे महिन्यात ते पाणी कोण वाहून आणणार, हे घरातल्या बाईला विचारून मगच आकार ठरवा.

आपल्या तालुक्यात चुनखडीचा दगड आहे. म्हणून तर गडचांदूर आणि आवारपूरला सिमेंटचे कारखाने आले. जड पाण्याने ताटीवर पांढरा थर धरतो आणि हवा अडते. वुडवूलची ताटी स्वस्त पडते, दर उन्हाळ्यात बदलता येते. हनिकोंब जास्त टिकते, पण तिच्या बारीक भोकांत हाच थर बसतो. शहरात वाफारा सोडणारे छोटे ह्युमिडिफायर मिळतात. त्यांतल्या काहींत जड पाणी घातले तर भांड्यांवर पांढरी भुकटी बसते, आणि उन्हाळ्यात खोली थंड करणे त्यांच्या आवाक्यातले नाही. ते पैसे चांगल्या ताटीत घाला.

सर्वांत महत्त्वाचे, वीज. पत्र्याचा कूलर, ओली जमीन आणि अनवाणी पाय एकत्र आले की झटक्याने माणूस जातो. तीन पिनांचा प्लग व खरे अर्थिंग असल्याशिवाय कूलर लावू नका. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळताच ती प्रवाह तोडते. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग ओढा. हे काम लहान मुलांना सांगू नका.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतून घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.

आता पुन्हा पोत्यांकडे येऊ. बियाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी झाला तर त्याचे साठवणीतले आयुष्य साधारण दुप्पट होते; वाढला तर निम्मे. भावाची वाट पाहत घरात कापूस भरून ठेवला असेल, तर तोही कूलरच्या खोलीत नको. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्क्यांवर ओलावा गेला की दर कापते आणि १२ टक्क्यांच्या वर गेलेला कापूस घेत नाही. माणसे ज्या खोलीत झोपतात तिथे कूलर लावा. बियाणे आणि कापूस दुसऱ्या कोरड्या खोलीत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. घर एका खोलीचे असेल तर बियाणे कोठीत घट्ट झाकून ठेवा, नाहीतर कोरडी जागा असलेल्या शेजाऱ्याकडे द्या.

आणि मेअखेरीस १०० दाण्यांची परीक्षा न चुकता करा. तेव्हा कळले तर दुसरे बियाणे शोधायला दिवस हाताशी असतात. पेरणीनंतर कळले तर पावसाची ओल आणि हंगाम, दोन्ही हातचे जातात.