ओट्यामागची भिंत

दिवाळी अंकासाठी लिहायचे म्हणजे काहीतरी भारदस्त विषय हवा, असे मला दरवर्षी वाटते. यंदा मात्र गेले चार महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, आणि तो आठ फूट लांब व दोन फूट उंच आहे. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यामागची भिंत! बांधकामवाले तिच्यावरच्या फरशांना ‘डाडो’ म्हणतात. आम्ही नुसते ‘ओट्यामागच्या टाइल्स’ म्हणतो.

आमची डोंबिवलीची जागा १९८८ सालची. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे बिल्डरने सहा इंची पांढऱ्या टाइल्स लावून दिल्या होत्या. त्यांतल्या काहींना तडे गेले होते. काहींवर बोटाने टकटक केले, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येई. त्या बदलाव्यात असे सौ. सहा-सात वर्षे सांगत होती. “बघू,” असे मी तितकीच वर्षे म्हणत होतो. शेवटी जूनमध्ये मी मनावर घेतले, आणि एकदा मनावर घेतल्यावर टाइल्सही मीच पसंत केल्या.

पसंती कशी झाली, तेही सांगतो. दुकानात चार इंची नक्षीच्या टाइल्स दिसल्या. निळी-तांबूस वेलबुट्टी, मध्ये चांदणी. माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. आमच्या खोलीत अशाच नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या होत्या. त्यांच्यावर पालथे पडून मी पाढे पाठ केलेले. मी तिथल्या तिथे दोन हजार रुपये आगाऊ देऊन मोकळा झालो. घरी येऊन सौ.ला फोनवरचा फोटो दाखवला.

“तुम्हांला आवडल्या ना? मग झालं,” ती म्हणाली.

चाळीस वर्षांच्या संसारानंतर या वाक्याचा अर्थ मला कळायला हवा होता. कळला नाही.

पुढे श्रावणात सौ. जिन्यात घसरली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. मिस्त्रीचे काम अर्थातच पुढे ढकलले. चिरंजीव पुण्याला, मुलगी बंगळुरूला. ओट्यापुढे उभे राहण्याची पाळी माझ्यावर आली. सौ. खुर्ची टाकून मागे बसे आणि सूचना करी. पहिल्या दिवशी मोहरी तडतडली, तेव्हा मी दोन पावले मागे उडी मारली. भिंतीला मात्र मागे सरता येत नाही. तेल, हळद, डाळीचा उतू गेलेला फेस, सारे तिच्यावर!

गणपती आठ दिवसांवर आले, तेव्हा सौ. म्हणाली, “अहो, माणसं येणार घरात. भिंत तेवढी घासाल का?”

“त्यात काय!” असे म्हणून मी फडके उचलले. टाइल्स पाच मिनिटांत पुसून झाल्या. पण टाइल्सच्या मधले सांधे? पांढऱ्या सिमेंटने भरलेले ते सांधे हळद पिऊन पिवळे झाले होते, आणि हळदीवर तेलाचा चिकट थर बसला होता. सौ.ने खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश हातात दिला. अर्ध्या तासात माझा खांदा भरून आला. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. दमलो की हिशेब करतो. एका ओळीत सोळा टाइल्स, अशा चार ओळी. म्हणजे दोन-दोन फुटांच्या पंधरा उभ्या रेघा आणि आठ-आठ फुटांच्या तीन आडव्या. तीस आणि चोवीस, एकूण ५४ फूट सांधे!

मग मनात विचार आला, आपल्या नव्या चार इंची टाइल्सचे काय? आडव्या चोवीस, उभ्या सहा. तेवीस दुणे शेहेचाळीस, पाच अठ्ठे चाळीस. ८६ फूट!

मी ब्रश खाली ठेवला आणि मागे वळून विचारले, “तू जूनमध्ये बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? तुम्ही इतक्या हौसेनं पैसे देऊन आलात. घासायच्या मलाच आहेत, हे काय तुम्हांला ठाऊक नव्हतं?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते. या ओट्यापुढे तिचे किती तास गेले असतील, तो हिशेब मात्र मी केला नाही.

पितृपक्ष लागण्यापूर्वी आम्ही दोघे त्या दुकानात गेलो. सौ.चा हात गळ्यात अडकवलेला. दुकानदाराने बहुतेक सगळा माल गुजरातेतल्या मोरबीचा असल्याचे सांगून नमुने मांडले. सौ.ने पर्समधून औषधाची एक छोटी बाटली काढली. तिच्यात तेलात कालवलेली हळद! डाव्या हाताने तिने तीन नमुन्यांवर बोटे ओढली आणि म्हणाली, “आता चहा मागवा.” चहा होईपर्यंत हळद मुरली. मग कोरड्या फडक्याने पुसले. गुळगुळीत चकचकीत टाइल आरशासारखी साफ झाली. खरखरीत, बिनचमकीच्या टाइलवर पिवळी सावली राहिली, आणि खवल्याखवल्यांच्या टाइलचे तर विचारूच नका. दुकानदार वीस वर्षे धंद्यात होता म्हणे, पण ही परीक्षा त्यालाही नवीन होती.

सौ.ने साधी, मोतिया रंगाची, एक फूट बाय दोन फुटांची टाइल घेतली. आडवी लावली की आठांत भिंत संपते. दोन जास्त घेतल्या. एक कापाकापीत जाईल म्हणून आणि एक पुढे कधी फुटली तर म्हणून. सगळ्या एकाच बॅचच्या, कारण बॅच बदलली की रंगाची छटा बदलते. सांध्यांचा हिशेब मी तिथेच केला. सहा अधिक आठ, १४ फूट. माझे दोन हजार मात्र बुडाले. त्याबद्दल दुकानदाराने त्या नक्षीची एक टाइल आम्हांला भेट दिली!

पितृपक्षात कामे कमी, म्हणून मिस्त्री मोकळा होता. सिलिंडर बाहेर काढला, स्वयंपाकघराची वीज बंद केली आणि छन्नी-हातोडा सुरू झाला. टाइल्सबरोबर जुने प्लास्टरही निघाले. ते नवे करून वाळू द्यावे लागले. टाइल सिमेंटात बसवायची तर आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर ती सिमेंटातले पाणी शोषते आणि पकड कच्ची राहते. आम्ही ‘केमिकल’ने बसवल्या, म्हणून भिजवल्या नाहीत. मिस्त्री टाइलच्या पाठीला पाच ठिकाणी लाडवाएवढे गोळे लावून ती भिंतीवर दाबू लागला. सौ. खुर्चीवरून म्हणाली, “दादा, लाडू दिवाळीला करू. इथं सगळीकडे सारखं पसरा.” तिचे बरोबर होते. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि पुढे तिथेच तडा जातो. मिस्त्री हसला आणि त्याने दातेरी थापी घेतली.

दुसऱ्या दिवशी सांधे इपॉक्सीने भरले. महाग पडते, पण ते हळद पीत नाही. ओटा आणि भिंत यांच्यामधली फट मात्र सिलिकॉनने भरली. दोन्हींची हालचाल निराळी असते. तिथे कडक काही भरले, तर चीर पडून पाणी आत जाते.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सौ.ने मोकळ्या झालेल्या हाताने वरणाला पहिली फोडणी दिली. तेल उडाले. मी फडके घेऊन उभाच होतो.

माझी आई दिवाळीच्या आधी गिरगावातली ती धुरकट भिंत खरवडून स्वतः चुना मारीत असे. मी तेव्हा कुठे होतो? लाद्यांवर पालथा पडून पाढे म्हणत होतो. तिच्या डोळ्यांपुढे दिवसभर कोणती भिंत होती, ते त्या लाद्यांच्या आठवणीत कुठेच नव्हते.

वाचकहो, आपल्या घरी ओट्यामागच्या टाइल्स निवडायच्या असतील, तर दुकानात जाण्यापूर्वी आठ दिवस ओट्यापुढे उभे राहा. निदान तिथे जे माणूस उभे राहते, त्याला दुकानात बरोबर न्या, आणि पैसे त्याने मान हलवल्यावर द्या.

ती नक्षीची टाइल कुठे गेली, असे विचाराल. सौ.ने ती जेवणाच्या टेबलावर गरम पातेल्याखाली ठेवली आहे. “तुमचं गिरगाव तुमच्यासमोर असू दे,” ती म्हणाली. “एकच आहे, तुम्हीच पुसा.”

रोज पुसतो.