आळस नव्हे, हुकूमच पोहोचत नव्हता!

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात रोजचा वाद सुरू झाला. "मांडी घट्ट करा" असं आम्ही म्हणायचं, "होत नाही गं" असं त्यांनी. एकदा मी रागाच्या भरात बोलून गेले, "तुम्ही मनावरच घेत नाही!"

पुढे डोंबिवलीतल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी त्यांच्या दोन्ही मांड्यांवर छोटे सेन्सर चिकटवले. मोबाईलवर चांगल्या पायाची रेघ उसळली, दुसऱ्याची जेमतेम हलली. ऑपरेशननंतर सूज नि दुखण्यामुळे मांडीच्या स्नायूला मेंदूचा हुकूम नीट पोहोचत नाही, असं बाईंनी समजावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैत्रिणींनो, स्नायू आवळला की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. माणसाच्या स्नायूंतली ही वीज जर्मनीतल्या द्यु ब्वा-रेमों यांनी १८४९ साली मोजून दाखवली होती. आता जिममध्ये वजनं उचलतानाही असे पट्टे वापरतात. सेन्सर वीज फक्त टिपतो, शॉक देत नाही बरं का! मात्र रेघ म्हणजे ताकद नव्हे. घाम, चरबी, चिकटवण्याची जागा यांनी ती बदलते. म्हणून शेजारणीच्या रेघेशी आपली ताडून पाहू नये. व्यायामाची ढब बरोबर आहे की नाही, हेही ती सांगत नाही.

यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. आपला तळहात आहेच! पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा आणि मांडीवर हात ठेवा. स्नायू टणक लागला की काम चालू आहे असं समजा. पाच आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा करा. श्वास कोंडू नका. ऑपरेशन झालेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांसाठी नाही हं. स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रौढांना सांगते.

परवा ठाण्याला नणंदेकडे जाताना सासूबाई स्टेशनचा जिना कठडा धरून, पण स्वतःच्या पायांनी चढल्या. वर पोहोचून म्हणाल्या, "बघ, घेतलं की नाही मनावर?" मी त्यांची पिशवी घेतली आणि गुपचूप माफी मागितली.