सार्वजनिक सायकल: प्रश्न कुलपाचा की कारभाराचा?

‘सायकलींचे शहर’ हे पुण्याचे बिरुद आज स्मरणापुरतेच उरले आहे. ते परत मिळविण्याच्या हेतूने डिसेंबर २०१७ मध्ये औंध व विद्यापीठाच्या परिसरात सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली. आरंभी तिचे कौतुक झाले. परंतु लवकरच मोडक्या सायकली पदपथांवर पडलेल्या दिसू लागल्या आणि दोन-तीन वर्षांत ही योजना जवळजवळ नामशेष झाली. या अपयशाचे खापर नागरिकांच्या बेशिस्तीवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते, तो निदानाचा आळस होय.

या साधनाचा इतिहास म्हणजे वस्तुतः कुलपाचा इतिहास आहे. १९६५ साली ॲमस्टरडॅममधील तरुणांनी पांढऱ्या सायकली कुलपाविना रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कोपनहेगनने १९९५ मध्ये नाणे टाकताच सुटणारी सायकल आणली. पण नाणे टाकणारा कोण, हे त्या कुलपास कळत नसे. १९९८ साली फ्रान्समधील रेन शहराने सभासदाच्या कार्डाने सुटणारी सायकल आणली आणि ती कोणी नेली याची नोंद राहू लागली. पॅरिसने २००७ मध्ये याच तत्त्वावर शेकडो स्थानके उभारली.

पुण्यात आलेल्या सायकलींना अशा स्थानकांची गरज नव्हती. मागील चाकावरच्या कुलपातच सिमकार्ड, उपग्रहाच्या साह्याने ठिकाण सांगणारे यंत्र आणि बॅटरी. मोबाईलने चौकोनी संकेतचिन्ह टिपले की कुलूप उघडे! युक्ती चतुर खरी. परंतु स्थानकाच्या खर्चाबरोबर सायकल ठराविक जागी परत ठेवण्याचे बंधनही सैल झाले. कुलूप सायकलीचा ठावठिकाणा सांगेल. तिचा तुटलेला ब्रेक ते दुरुस्त करणार नाही. चीनमध्ये याच पद्धतीच्या सायकलींचे ढीग साचले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये ‘ओफो’ कंपनीकडे अनामत परत मागणाऱ्यांची संख्या एक कोटीवर गेली.

स्थानके उभारली म्हणजे सर्व साधले, असेही नव्हे. पॅरिसमध्ये लोक मोंमार्त्रच्या टेकडीवरून सायकलीने उतरत. चढून मात्र कोणी येत नसे. परिणामी वरची स्थानके रिकामी आणि खालची तुडुंब! सायकली गाडीत घालून वर नेणे, आणि वर सायकल ठेवणाऱ्यास विनामूल्य मिनिटे वाढवून देणे, असे उपाय तेथे योजावे लागले. यंत्रामागे माणूस उभा असावाच लागतो.

मग आपण काय करावे? जून २०१७ मध्ये म्हैसूरने पक्की स्थानके व कार्ड यांचा मार्ग पत्करला, तो आम्हांस अधिक विचारार्ह वाटतो. सायकलीची खरी निकड ज्यांना आहे, त्या घरकाम करणाऱ्या भगिनींना किंवा गरीब विद्यार्थ्यास महागड्या मोबाईलवाचून ती मिळत नसेल, तर तिला सार्वजनिक कसे म्हणावे? म्हणून महापालिकेने पुन्हा करार करताना सायकली किती आणणार, एवढेच विचारू नये. दुरुस्तीची कार्यशाळा कोठे, कामगार किती, नादुरुस्त सायकल किती तासांत उचलणार आणि ठेकेदार निघून गेल्यास योजना कोण चालविणार, हे आधी लिहून घ्यावे. सायकलीस कुलूप हवेच. पण जबाबदारीस कुलूप लावून कारभार्‍यांनी घरी जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.