प्रमाणपत्र सिनेमाला, मोकळीक तुकड्यांना

'अ‍ॅनिमल' हा चित्रपट डिसेंबर २०२३मध्ये प्रदर्शित झाला तो 'ए' प्रमाणपत्र घेऊन. म्हणजे अठरा वर्षांखालच्यांना थिएटरात मज्जाव. पुढे लग्नसराईत मात्र हळदीच्या मांडवात लहानलहान पोरे डोक्यावर ग्लास ठेवून त्यातल्या 'जमाल कुडू' गाण्यावर नाचत होती आणि घरातली मोठी माणसे हौसेने व्हिडिओ काढत होती. गाण्यात वावगे काही नाही. पण सिनेमात ते एका लग्नात येते आणि संपताच त्याच लग्नात खून पडतो, आणि तो प्रसंगही मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी फिरतो. प्रमाणपत्र अख्ख्या चित्रपटाला मिळते, मुलांपर्यंत पोचतात ते तुकडे. मुलांनी पाहिलेल्या हिंसेची आणि अश्लीलतेची चर्चा इथून सुरू व्हायला हवी.

असे काही घडले की पहिली मागणी होते ती बंदीची. तिच्यामागची पालकांची धास्ती खोटी नाही. जानेवारी २०२२मध्ये 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा' या मराठी चित्रपटाच्या ट्रेलरमधील अल्पवयीन मुलांच्या दृश्यांवर राष्ट्रीय महिला आयोगाने आक्षेप घेतला आणि तो ट्रेलर बदलावा लागला. चित्रपट प्रौढांसाठी होता, ट्रेलर मात्र सर्वांना खुला. तिथे आक्षेप रास्तच होता.

पण उलट बाजूही हलकी नाही. आपली मुले हिरण्यकशिपूचा कोथळा आणि अफजलखानाचा वध ऐकतच मोठी होतात. त्यावरून कुणी हिंसक झाल्याचे ऐकिवात नाही. तिथे हिंसेला कारण असते, परिणाम असतो आणि 'असे का केले?' या प्रश्नाला उत्तर द्यायला सांगणारा समोर बसलेला असतो. संशोधनही सरसकट निकाल देत नाही. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१मधील प्रयोगात मोठ्यांना बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी तिला तसेच बडवले. पण बाहुलीला मारणे म्हणजे माणसाला मारणे नव्हे, ही टीकाही तेव्हापासून होत आली आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२०मध्ये जी भूमिका घेतली ती अशी: हिंसक व्हिडिओ गेमचा आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी थोडासा संबंध दिसतो, गंभीर गुन्ह्यांचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणजे 'काही होत नाही' हेही खरे नाही आणि 'पिढी बिघडली' हेही नाही.

कायदा काही झोपलेला नाही. २०२१च्या नियमांनी ओटीटीला वयोगट दाखवणे आणि १३ वर्षांवरील गटापासून पुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप देणे बंधनकारक केले. चित्रपट कायद्यातील २०२३च्या दुरुस्तीने चित्रपटांच्या 'यूए' वर्गाचे ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे केले. पण थिएटरच्या दारात तिकीट तपासणारा माणूस असतो. घरात आईचा फोनच मुलाच्या हातात असतो आणि त्याचा पासवर्ड मुलाला पाठ असतो. शिवाय कुलूप ओटीटीच्या अ‍ॅपला. रील आणि शॉर्ट्स त्याच्या बाहेर.

म्हणून भार कंपन्यांनी आणि घराने, दोघांनी उचलायला हवा. 'ए' चित्रपटातील हिंसक वा लैंगिक प्रसंगाच्या तुकड्यालाही वयाची अट लागू झाली पाहिजे, आणि मुलांच्या खात्यावर एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होणे मुळातच बंद असले पाहिजे. हे काम कंपन्यांचे. ते करून घेणे सरकारचे. त्यासाठी प्रौढांच्या कलाकृतींवर कात्री चालवायची गरज नाही.

उरलेले काम घराचे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. शहरातल्या फ्लॅटमध्ये भोंगा चालणार नाही. पण त्यातली महत्त्वाची अट कुठेही लागू होते: फोन मुलांनी ठेवायचा तसा मोठ्यांनीही ठेवायचा. स्वतः जेवणाच्या ताटावर रील बघणाऱ्या बापाने मुलाला दटावले, तर मूल फक्त लपवायला शिकते. आणि लपवून पाहिलेल्या दृश्याबद्दल ते घरात कुणालाच काही विचारत नाही. हिंसक दृश्य पाहण्यापेक्षा मोठा धोका तो आहे.