एकदाच बुडवा!

दिवाळी अंक हाती पडतो तेव्हा घरोघर कढई तापलेली असते. चकल्या, कडबोळी आणि करंज्या यांच्या वासानेच अर्धे पोट भरते. अशा वेळी वाचकांना परदेशातली देवळे आणि बागा दाखवण्यापेक्षा तिथली एक कढईच दाखवावी, असे मी ठरवले. ही कढई आहे जपानातल्या ओसाका शहरात, शिन्सेकाई नावाच्या पेठेत.

क्योतोचा माणूस कपड्यांपायी धुळीला मिळतो आणि ओसाकाचा खाण्यापायी, अशी तिकडे एक जुनी म्हण आहे. माझा भाचा नोकरीनिमित्त ओसाकाला असतो. त्याचे सुटलेले पोट पाहून म्हणीच्या उत्तरार्धाबद्दल तरी माझी खात्री पटली.

शिन्सेकाई म्हणजे ‘नवे जग’. नाव नवे, पेठ मात्र शंभरी ओलांडलेली. 1903 साली या भागात मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले होते. ते उठल्यावर मोकळ्या झालेल्या जागेच्या एका तुकड्यावर 1912 साली ही पेठ वसली. वसवणाऱ्यांची हौस अशी दांडगी, की उत्तरेचा भाग पॅरिसच्या धर्तीवर आणि दक्षिणेचा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या! मधोमध मनोरा, त्याचे बूड पॅरिसच्या विजयकमानीचे आणि धड आयफेल टॉवरचे. त्याचे नाव त्सूतेन्काकू, म्हणजे आभाळाला भिडलेला. शेजारी लूना पार्क आणि तिथवर तारेवरून जाणारे पाळणे. पार्क 1923 साली बंद पडला. मनोऱ्याला 1943 साली आगीची झळ लागली आणि त्याचे लोखंड युद्धाच्या कामी गेले. पण आपल्या पेठेला मनोरा हवाच, असे म्हणून स्थानिक दुकानदारांनी खटपट केली आणि 1956 साली दुसरा उभा राहिला. तो रचणारे नाइतो ताचू; टोकियो टॉवरही पुढे त्यांनीच रचला.

या मनोऱ्यात बिलिकेन नावाचा एक देव बसतो. टोकदार डोक्याचा, मिचमिच्या डोळ्यांचा आणि जन्माने चक्क अमेरिकन! पाय पसरून बसलेल्या या देवाचे तळवे घासले की इच्छा पुरी होते म्हणतात. सौ.ने दोन्ही तळवे घासले. काय मागितले ते मला अजून कळलेले नाही.

खरी शिन्सेकाई मात्र जानजान योकोचो या बोळात आहे. बोळ इतका अरुंद की समोरून छत्री आली तर आपण आपली मिटावी. एके काळी गिऱ्हाइकांना बोलावण्यासाठी इथल्या दुकानांतून शामिसेन नावाचे तंतुवाद्य वाजायचे. त्याच्या ‘जान-जान’ आवाजावरून हे नाव पडले. आता शामिसेन गेली, पण शोगीचा अड्डा आहे. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. आत दोन म्हातारे डोके धरून बसलेले आणि बाहेर काचेला नाक लावून दहा जण मनातल्या मनात त्यांच्या चाली दुरुस्त करताहेत! हे दृश्य पाहून मला घरच्यासारखे वाटले.

आता कढईकडे. इथला पदार्थ म्हणजे कुशिकात्सु. बांबूच्या काडीला एकेक तुकडा टोचायचा, पिठात बुडवायचा, पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तळायचा. मूळ पदार्थ गोमांसाचा. तळणीलाही पुष्कळ ठिकाणी जनावराचीच चरबी असते. त्यामुळे सौ. दारातच थबकली. “मामी, इथं तेल वनस्पतीचं आहे. मी आधी येऊन विचारून गेलोय,” भाचा म्हणाला, तेव्हा कुठे ती टेकली. मग कमळाचे देठ आले, कांदा आला, कोळंबी आली आणि लाल लोणच्यातल्या आल्याची एक चपटी काप आली. आले तळून खायचे ही कल्पना मला आधी चमत्कारिक वाटली. दुसरी काडी मागवताना वाटली नाही.

हे खाणे मजुरांचे. 1929 साली या पेठेत सुरू झालेले ‘दारुमा’ हे दुकान या पदार्थाचे आद्यपीठ समजतात. शेजारीच कामागासाकी नावाची रोजंदारीवाल्यांची वस्ती. 1970 च्या ओसाका प्रदर्शनाच्या बांधकामासाठी देशभरातून माणसे आली ती तिथल्याच स्वस्त खोल्यांत राहिली. दिवसभर ओझी वाहून आलेल्या माणसाला चटकन, गरम आणि चार पैशांत काही हवे असे. तो उभ्या उभ्याच खाई आणि चालू लागे. सगळ्यांना मिळून सॉसचे एक पसरट भांडे. आणि भिंतीवर पाटी: ‘निदोझुके किन्शी’, म्हणजे दुसऱ्यांदा बुडवायला बंदी! काडी एकदा बुडवा, खा. चावलेला तुकडा पुन्हा भांड्यात घालायचा नाही. सॉस कमी पडला तर पुढ्यात कच्च्या कोबीची पाने असतात. एका पानाने सॉस उचलायचा आणि काडीवर ओतायचा.

अहो, हा तर आपला उष्ट्याचा नियम! आजीच्या लोणच्याच्या बरणीत उष्टा हात गेला तर घरात काय गहजब उडे, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो वेगळा सांगायला नको. पण आपण या नियमाचे काय केले? उष्ट्यावरून विटाळावर गेलो, विटाळावरून वेगळ्या पंगती आणि वेगळे पाणवठे. महाडच्या तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी 1927 साली आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आणि इथे त्याच नियमाच्या जोरावर ओळखदेख नसलेली माणसे एका भांड्यात काड्या बुडवत राहिली. जपानात माणूस माणसाला कमी लेखत नाही, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. कामागासाकीचा पत्ता ऐकून नाक मुरडणारे ओसाकातही आहेत. म्हणून तर 1966 साली सरकारदरबारी त्या वस्तीचे नाव बदलून आइरिन केले. पण निदान त्या भांड्यापाशी तुमचा पत्ता कोणी विचारत नव्हते.

‘नव्हते’ म्हणतो, कारण 2020 साली कोरोनाची साथ आली आणि पुष्कळ दुकानांतून ते भांडे उठले. आम्ही बसलो तिथे सॉसची बाटली होती. पाटी मात्र होती तशीच.

“बाटलीच बरी,” सौ. म्हणाली. “दहा जणांच्या भांड्यात मी काही हात घातला नसता.”

“मामी, हात नाही, काडी!”

“तेच ते.”

माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ एकटेच बिअर घेत बसले होते. आमचा वाद कशावरून चालला आहे हे त्यांनी भाच्याला विचारले. ऐकून हसले आणि पाटीकडे बोट दाखवून काही बोलले. भाच्याने अर्थ सांगितला: ‘पूर्वी कोणी नवखा चुकला की सगळे दुकान त्याच्यावर ओरडायचे. मग त्याच्याशी गप्पा सुरू व्हायच्या. आता कोणी कोणावर ओरडत नाही.’ मी सौ.कडे पाहिले. ती काहीच बोलली नाही, पण तिने आपल्या पुढ्यातली कोबीची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

बाहेर आलो तेव्हा मनोऱ्याच्या टोकावर निळा दिवा होता. तो उद्याचे हवामान सांगतो: पांढरा म्हणजे ऊन, नारिंगी म्हणजे ढग, निळा म्हणजे पाऊस.

पाऊस म्हणजे उद्या छपराखालचा बाजार, असे सौ.ने तिथल्या तिथे जाहीर केले. ओसाकात दोगुयासुजी नावाची स्वयंपाकाच्या भांड्यांची एक आच्छादलेली गल्लीच आहे. आदल्या दिवशी तिने रस्त्यावर ताकोयाकी होताना पाहिली होती: ऑक्टोपसचे तुकडे घातलेले पिठाचे गोळे, आणि ते होतात ते थेट आपल्या आप्पेपात्रासारख्या साच्यात. सकाळी पावसात आम्ही तिथे गेलो. बिडाचा एक वजनदार साचा घेतला आणि विमानात सामानाचे वजन भरेना म्हणून माझी दोन पुस्तके भाच्याकडे राहिली. यंदाच्या दिवाळीत आमच्याकडे आप्पे आहेत.