दोन जुन्या मोटारी आणि एक रिकामा रकाना

जुन्या मोटारींची गोष्ट निघाली कीं पालघरास काय किंवा बोईसर-तारापुरास काय, वडील मंडळींत दोन पक्ष पडतात: एक पद्मिनीचा, दुसरा अँबॅसडरचा. या वादांत आम्हीही आज दोन शब्द बोलूं इच्छितों.

प्रथम आंकडे पाहूं. मुंबईंत कुर्ल्यास तयार होणारी पद्मिनी मूळची इटलीची फियाट. तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें व जोर सुमारें ४० अश्वशक्तींचा. बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिचें इंजिन दीर्घकाळ १४८९ घनसेंटिमीटरांचें होतें व जोर सुमारें ५० अश्वशक्तींचा. पद्मिनी हलकी व आटोपशीर, म्हणून बाजारपेठेच्या गर्दींत सहज वळणारी. अँबॅसडर प्रशस्त व धट्टीकट्टी. घरचीं सारीं माणसें बोईसरहून तारापुरास न्यावयाचीं झाल्यास तीच बरी. ज्याचें जसें काम, तशी त्याची गाडी, एवढाच या वादाचा निकाल आम्हांस दिसतो.

परंतु या तुलनेंत एक रकाना नेहमीं रिकामा राहतो. गाडी धांवते किती, हें सारे विचारतात. आंतील माणूस सुखरूप कसा राहील, हें कोणी विचारीत नाहीं. दोन्ही गाड्यांच्या चारी चाकांस दीर्घकाळ ड्रमचेच ब्रेक होते. आघातसमयीं फुगणारी हवेची पिशवी दोहोंतही नव्हती. या बाबतींत जुनें तें सोनें म्हणतां येणार नाहीं.

मग नवी गाडी घेतली म्हणजे झालें काय? दिनांक ४ सप्टेंबर २०२२ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, नव्या जमान्याची एक उत्तम मोटार कठड्यावर आदळली. मागील आसनावरील उद्योगपति सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी प्राणांस मुकले. त्या दोघांनीं पट्टे बांधले नव्हते, असें पोलिसांनीं सांगितलें. सोय गाडींत असून भागत नाहीं. ती वापरणारा हातही हवा.

अँबॅसडरचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत पद्मिनीनें मुंबईच्या टॅक्सींतूनही निरोप घेतला. त्यांचा वाद आतां आठवणींपुरता उरला आहे. तो रकाना मात्र रोज भरावयाचा आहे. विद्यार्थिमित्रांनो, गाडींत पुढें बसा अथवा मागें, आधीं स्वतःचा पट्टा बांधा व मग वडिलांसही विनयानें आठवण करून द्या. पालकांनींही तो उद्धटपणा मानूं नये, एवढीच आमची विनंति.